पेन्सिलने लिहिलेले नंबर

आमच्या आशाताईंच्या वहीत सगळं निळ्या पेनने लिहिलेलं असतं. नावं, वयं, गरोदर बाईच्या पाळीची तारीख, बाळाचं वजन. मोबाइल नंबर तेवढे पेन्सिलने. मी नवीन आले होते तेव्हा विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, "मॅडम, नाव नाही बदलत. नंबर दर दिवाळीला बदलतो."

मी मोखाडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे, म्हणजे सीएचओ. बीएएमएस झालं, मग सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा कोर्स, मग नेमणूक. पहिली दुसऱ्या एका जिल्ह्यात, आणि २०२२ पासून इथे. गेल्या महिन्यात घरच्या लग्नात माझा मामेभाऊ भेटला. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, दवाखान्यांसाठीच्या अॅपवर काम करतो. मनापासून म्हणाला, "आता तुमच्या पाड्यावर व्हिडिओ कॉलवर स्पेशालिस्ट मिळतो. मग अर्धं काम झालं की!" मांडवात स्पीकर चालू होता, धड उत्तर देता आलं नाही. दादा, हे तुझ्यासाठी लिहितेय. पण तुझ्यासारखं काम करणाऱ्या सगळ्यांनी वाचलं तर बरं.

आधी आमची जागा सांगते. जिल्हा पालघर, पण जिल्ह्याचं ठिकाण समुद्राच्या बाजूला आणि आम्ही घाटमाथ्याशी. मोठं दुखणं निघालं की लोक नाशिकचं नाव घेतात. डोंगरी, आदिवासी भागात साधारण तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा नियम. कागदावर तीन हजार म्हणजे काही मोठा आकडा नाही. पण ते तीन हजार एका गावात राहत नाहीत, लहान लहान पाड्यांवर विखुरलेले आहेत. काही पाड्यांना पावसाळ्यात गाडीरस्ता उरत नाही. डोलीतून माणूस आणताना मी पाहिलंय, आणि डोलीला एका वेळी चार खांदे लागतात, हेही इथेच शिकले.

मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण आमच्याच तालुक्यात आहे. एप्रिल-मे महिन्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतात. हे इथल्या कुणाला नव्याने सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांना सांगायलाच हवं.

टेलिमेडिसिनचे नियम देशात २५ मार्च २०२० ला आले. तो लॉकडाऊनचा पहिला दिवस. डॉक्टरने फोनवर, व्हिडिओवर काय करावं, कोणती औषधं लिहावीत आणि कोणती लिहूच नयेत, हे त्यात पहिल्यांदा स्पष्ट झालं. ई-संजीवनी ही सरकारी सेवा त्याच्याही आधीची, २०१९ ची. आमच्यासारख्या उपकेंद्रातून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरशी बोलायची सोय म्हणून ती सुरू झाली. घरबसल्या थेट रुग्णाने डॉक्टरशी बोलायची ओपीडी लॉकडाऊन लागल्यावर, एप्रिल २०२० मध्ये जोडली गेली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सगळ्याची मिळून दहा कोटी कन्सल्टेशन झाली.

माझ्या टेबलावर ते कसं चालतं, तर असं. रुग्ण येतो. मी बीपी, ताप, नाडी, वजन घेते, गरज असेल तर साखर, हिमोग्लोबिन. टॅबवर त्याचं नाव, वय, तक्रार भरते. मग समोरच्या डॉक्टरांच्या यादीत कोण उपलब्ध आहे ते बघून कॉल लावते आणि रांगेत थांबते. डॉक्टर येतात, बोलतात, प्रिस्क्रिप्शन टॅबवर येतं. माझ्या कपाटात असलेलं औषध मी देते. प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत असतं, म्हणून पाकिटावर मी सूर्य आणि चंद्र काढते. दोन वेळची गोळी असेल तर दोन्ही, रात्रीची असेल तर नुसता चंद्र.

यातला सगळ्यात मोठा फायदा कुठे झाला असं कुणी विचारलं तर मी अवघड आजारांचं नाव घेणार नाही. फायदा झाला तो परत परत यावं लागणाऱ्यांना. बीपीची गोळी वाढवायची की तेवढीच ठेवायची, एवढं विचारायला पूर्वी म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला जावं लागायचं. जीपचं भाडं, सोबत येणाऱ्या मुलाची मजुरी बुडालेली, आणि तिकडे रांग. दोनदा जायचे, तिसऱ्यांदा जायचे नाहीत. गोळी सुटायची. पुढे कधीतरी एका सकाळी तोंड वाकडं होऊन हात लुळा पडायचा आणि पाड्यावर त्याला बाहेरची बाधा म्हणायचे. आता तो म्हातारा माझ्याकडे चालत येतो, वरांड्यात पाच मिनिटं दम खातो, बीपी मोजून घेतो आणि टॅबवरच्या डॉक्टरला हात जोडतो. हे छोटं काम नाही.

रेंजचं मात्र सांगितलंच पाहिजे. शाळेमागच्या टेकाडावर एक मोठा दगड आहे, त्याला सगळे रेंजचा दगडच म्हणतात. पावसाळ्यात वीज गेली की काही तासांनी टॉवरची बॅटरीही बसते. मग मी टॅब प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या दगडावर जाते आणि दिवसभराच्या नोंदी चढवते. रुग्णाला तिथे नेता येत नाही. त्या दिवसांत पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांना साधा फोन लागला तरी पुष्कळ झालं.

आता ज्या बाईमुळे हे लिहितेय तिच्याबद्दल. तिची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदलले आहेत, औषधाचे आणि तारखांचे नाहीत.

सप्टेंबरमध्ये ती लेकराचा ताप दाखवायला आली होती. लेकराला कडेवरून खाली ठेवताना तिची बाही वर सरकली आणि दंडाच्या मागच्या बाजूला मला एक फिकट चट्टा दिसला, रुपयाच्या नाण्याहून मोठा. विचारलं तर म्हणाली, शिबं आहे, बाजारातून मलम आणलंय. खाजतं का? नाही. दुखतं का? नाही. या दोन 'नाही'नंतर आमच्यापैकी कुणीही सावध होतो.

त्या दिवशी यादीत त्वचेच्या डॉक्टर होत्या. मी कॉल लावला, दंड कॅमेऱ्यासमोर धरला. ढगाळ दिवस, खिडकीतून येणारा उजेड कमी. टॅबच्या कॅमेऱ्यात चट्टा कधी पांढरट दिसे, कधी दिसेचना. मी टॉर्च लावली तर सगळा दंडच चकाकला. डॉक्टर दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला रंगावरून काही सांगता येणार नाही. तिथे स्पर्श कळतो का ते बघा."

कापसाची वात केली. तिला समजावलं की डोळे मीट, आणि मी जिथे शिवेन तिथे बोट ठेव. आधी चांगल्या कातडीवर केलं. मनगटाला शिवले, तिने लगेच मनगटावर बोट ठेवलं. कोपराला शिवले, कोपरावर. गालाला शिवले तर हसली. मग चट्ट्याच्या मधोमध वात टेकवली. तिचा हात मांडीवरच राहिला. पुन्हा टेकवली. ती डोळे मिटून तशीच वाट बघत होती, मी अजून शिवलेच नाही असं समजून.

मी टॅबकडे बघून म्हटलं, "नाही कळत, मॅडम."

त्यांनी विचारलं, अजून किती आहेत? त्यासाठी पाठ आणि मांड्या बघायला हव्या होत्या. मी टॅब उचलला आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं. पडदा ओढला. आशाताईंनी लेकराला बाहेर नेलं. मी बघत होते आणि मोठ्याने सांगत होते, भिंतीकडे तोंड करून पलीकडच्या डॉक्टर ऐकत होत्या. पाठीवर चार. मांडीवर दोन. दंडावरचा धरून सात. मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूची शीर चाचपायला सांगितली. तुझ्याही कोपराला कुठे आपटलं की करंगळीपर्यंत मुंग्या येतात, तीच शीर. उजवी डावीपेक्षा जाड लागली.

दादा, कॉल एकूण चौदा मिनिटं चालला, आणि त्यातली निम्मी मिनिटं स्क्रीनवर भिंत होती. तरी माझ्या नोकरीतला तो सगळ्यात उपयोगी कॉल आहे. त्या डॉक्टर नसत्या तर शीर चाचपायचं मला तेव्हा सुचलं असतं की नाही, सांगता येत नाही. आणि माझी बोटं नसती तर त्यांना चट्टा दिसला असता, बधिरपणा दिसला नसता. तुमच्या मीटिंगमध्ये 'डॉक्टर रुग्णापर्यंत पोचवला' असं कुणी म्हणेल तेव्हा त्या खोलीत तिसरं माणूस कोण होतं, ते विचार. तिथे आशाताई नसत्या तर त्या बाईने पाठ उघडी केली नसती.

पीएचसीच्या डॉक्टरांनी दोन दिवसांनी प्रत्यक्ष तपासून निदान पक्कं केलं. कुष्ठरोग. पाचपेक्षा जास्त चट्टे, म्हणजे बारा महिन्यांची एमडीटी, अनेक औषधं एकत्र देण्याचा उपचार. औषध फुकट असतं, एका पाकिटात अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या. निकुष्ठ २.० या कुष्ठरुग्णांच्या पोर्टलवर तिची नोंद झाली. पहिल्या दिवशी लघवी लाल होते, घाबरू नको, हे मी तिला आधीच सांगितलं. सांगितलं नाही तर तिथेच औषध बंद होतं. कातडी काळवंडेल हेही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "भट्टीवर सगळेच काळे पडतात."

दिवाळी झाली की आमचे पाडे निम्मे रिकामे होतात. माणसं भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, मागे म्हातारी माणसं आणि कुलपं उरतात. शेठ भात कापणीआधीच उचल देऊन ठेवतो, ती फेडायला जावंच लागतं. या लोकांची माहिती त्यांच्या मागून जावी म्हणून प्रयत्न झालेत. महिला आणि बालविकास विभागाने स्थलांतर करणाऱ्या बाया आणि मुलांच्या नोंदीसाठी सहा जिल्ह्यांत अॅप आणलं, त्यात पालघर होतं. कल्पना अगदी बरोबर आहे. माणूस निघालं की त्याचा कागदही सोबत निघायला हवा.

अडचण येते ती नंबराशी. आभा कार्ड, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळखपत्र, काढायचं तर आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी जातो. तो नंबर तीन वर्षांपूर्वीच्या सिमचा. सिम कुठे? भट्टीवर हरवलं. किंवा रिचार्ज संपलं आणि नवं सिम स्वस्तात मिळालं. घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात. बाईच्या नावापुढे जो नंबर असतो तो तिचा नसतोच. मग दहा अंकांचा तो रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही, तेव्हा माणसं काय करतात? कुणाचाही भरतात. शेजारच्याचा, आशाताईंचा. मला भेटलेल्या एका आशाताईंचा नंबर कितीतरी बायांच्या नावापुढे होता. लसीची आठवण करून देणारे सगळे मेसेज त्यांच्याच फोनवर यायचे.

आकड्यांचंही बोलते, कारण ते मनात सलतं. माझ्या आधीच्या नेमणुकीच्या ठिकाणी महिनाअखेरीला फोन यायचे. कन्सल्टेशन किती झाली? एवढीच? आमच्या पगाराचा एक भाग कामाच्या आकड्यांवर असतो. मग शेवटच्या दोन दिवसांत दुकानाला निघालेल्या माणसाला बोलावून 'अंगदुखी' लिहायची आणि कॉल लावायचा, असं चालायचं. मीही दोनदा केलंय. तिसऱ्यांदा करत असताना रांगेत माझ्यापुढे नऊ जण होते, आणि माझ्यामागे कुणीतरी खरंच आजारी माणूस घेऊन बसलं असेल, हे एकदम डोक्यात आलं. त्यानंतर नाही केलं. त्या महिन्यात पैसे कमी आले. इथे मोखाड्यात मला असं कुणी सांगितलेलं नाही, हेही लिहून ठेवते.

ड्रोनची गोष्ट तू लग्नात काढली होतीस. हो, २०२१ च्या डिसेंबरमध्ये शेजारच्या जव्हारहून झाप गावाला करोना लसीचे तीनशे डोस ड्रोनने नेले होते. मी तेव्हा इथे नव्हते, पण लोक अजून सांगतात. चांगलंच झालं. पण लसीच्या बाबतीत मला ज्याचं मोल वाटतं ते यंत्र कुणी बघायला जात नाही. पीएचसीच्या लसीच्या फ्रिजमध्ये तापमान टिपणारं एक उपकरण असतं, ईविन या लससाठ्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचं. तापमान दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेलं की फोनवर मेसेज येतो. आमच्या भागात वीज रात्रीच जाते. तो मेसेज बघून रात्री उठणारी, कंदील-टॉर्च घेऊन जाणारी आणि आइसपॅक लावून लस वाचवणारी एक सिस्टर मी ओळखते. तिला कुणी बातमीत घेतलं नाही. लेकरांच्या दंडात जाते ती लस तिने राखलेली.

आता परत त्या बाईकडे.

ती निघाली तेव्हा दोन पाकिटं संपली होती. डॉक्टरांना विचारून तिच्यासोबत पाच दिली. दर पाकिटाचा पहिला डोस खरं तर आमच्यासमोर घ्यायचा असतो. ते भट्टीवर शक्य नव्हतं, आणि तिकडच्या कर्मचाऱ्याने भट्टीवर येऊन तिचं नाव पुकारलेलं तिला नको होतं. शेठला कळलं तर काढून टाकेल, ही भीती. ती भीती खोटी आहे असं मी तिला सांगू शकले नाही. तिने गोळ्यांची पाकिटं जुन्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळली आणि पिठाच्या डब्यात तळाशी ठेवली.

मग आम्ही ठरवलं ते असं. नवं पाकीट उघडायच्या दिवशी तिने नवऱ्याच्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा. मी उलट फोन करायचा. फोन कानाशी असतानाच तिने गोळ्या घ्यायच्या. तारखा तिला वाचता येत नाहीत, पण पाकिटातल्या रिकाम्या झालेल्या खणांवरून दिवस कळतात.

नोव्हेंबरमध्ये मिस्ड कॉल आला. मी रेंजच्या दगडावर गेले आणि फोन लावला. मागे भट्टीचा आवाज, कुणाचं तरी ओरडणं, ट्रक. ती म्हणाली, घेते हां. मग पाण्याचा घोट ऐकू आला. एक, दोन, तीन. त्या दिवशीच्या गोळ्या जास्त असतात. डिसेंबरमध्ये आला. जानेवारीतही आला, तीन दिवस उशिरा.

जानेवारी सरताना सहावं पाकीट उघडायचं होतं. कॉल नाही. मी चार दिवस थांबले आणि लावला तर नंबर सेवेत नव्हता. पोर्टलवर तिचं नाव होतं, वय होतं, चट्टे किती ते होतं, बंद पडलेला नंबर होता. आशाताई काही न बोलता उठल्या आणि पाड्यावर गेल्या. त्याच भट्टीवर आणखी कुणाचं घर गेलंय ते शोधलं, त्यांच्या म्हातारीकडे लेकाचा नंबर होता, भिंतीवर कोळशाने लिहिलेला. त्या नंबरवर मी फोन केला आणि खोटं बोलले. म्हटलं, तिच्या लेकराच्या डोसाचं विचारायचंय, तिला द्या. ती आली. नवऱ्याने सिम बदललं होतं, माझा नंबर जुन्या सिमसोबत गेला होता. गोळ्या मात्र तिने ठरल्या दिवशीच सुरू केल्या होत्या. "पाणी ऐकायला तुम्ही नव्हत्या एवढंच," म्हणाली.

होळीला आमची माणसं परततात. भट्टीचं काम संपलेलं नसलं तरी होळीला येतातच. ती आली तेव्हा तिच्या हातात तीच ब्लाउजच्या कापडाची गुंडाळी होती. टेबलावर सोडली. चार पाकिटं पूर्ण रिकामी, पाचव्यातले अकरा खण फुटलेले. मी एकेक खण मोजला, तिने मोजू दिला. कापसाची वात करून पुन्हा तपासलं. दंडावरचा चट्टा अजून बधिरच आहे. कोपराची शीर दुखत नाही, करंगळीत जोर आहे, बोटं सरळ होतात. हातांना अपंगत्व येण्याआधी सापडली, हे त्वचेच्या डॉक्टरांना कॉलवर कळवलं तेव्हा त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "तिचा हात दाखवा ना मला." तिने बोटं पसरून हात कॅमेऱ्यासमोर धरला. या वेळी उजेड चांगला होता.

अजून पाच पाकिटं द्यायची आहेत. धुळवड झाली की ती परत निघणार, पावसाआधी येणार. नवऱ्याचा फोन या वेळी तिने स्वतः हातात घेऊन आशाताईंना नंबर दाखवला. आशाताईंनी जुना नंबर खोडला, रबराचा चुरा फुंकून उडवला आणि नवा लिहिला. पेन्सिलनेच.